नाकातलं औषध आणि ते नाकात पोहोचवणारी नळी



घरातला औषधांचा डबा उघडून बघा. नाकाचं औषध बहुतेक घरांत दोन-तीन रूपांत सापडेल. बाळाचं नाक मोकळं करायची ड्रॉपरची सलाइनची बाटली, सर्दीसाठी दाबायची मऊ प्लास्टिकची बाटली, आणि धुळीची ॲलर्जी असलेल्यांसाठी बोटांनी दाबायचा पंपाचा स्प्रे. तिन्ही बाटल्यांत बहुतांश पाणीच असतं आणि औषध अगदी चिमटीतलं. माणसांनी खरं डोकं लढवलं ते बाटलीच्या तोंडावर. नाकात काय घालायचं हे वैद्यांना फार पूर्वी समजलं होतं. ते नेमकं किती घालायचं, कुठे पोहोचवायचं आणि कोणाच्या हाताने, हे सोडवायला मात्र शेकडो वर्षं गेली. आज त्या नळ्यांचा, फुग्यांचा आणि पंपांचा इतिहास सांगते.

आधी नाकाबद्दल थोडं. नाक म्हणजे सरळ पोकळ नळी नव्हे. नाकपुडीतून साधारण दीड सेंटिमीटर आत गेलं की वाट एकदम अरुंद होते. त्या चिंचोळ्या भागापलीकडे औषध गेलं तरच त्याचा उपयोग. शिवाय एका नाकपुडीत फार तर एक-दोन दशांश मिलिलिटर द्रव टिकतो, त्याहून जास्त घातला की तो पुढून ओघळतो किंवा मागून घशात उतरतो. जे टिकतं तेही आतले बारीक केस पंधरा-वीस मिनिटांत घशाकडे ढकलायला लागतात. म्हणजे जागा कमी, वेळ कमी आणि दार अरुंद.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत नीटस विचार आयुर्वेदाच्या नस्यात दिसतो. चरक, सुश्रुत आणि वाग्भट तिघांनीही नस्याचं वर्णन केलं आहे. मला वाग्भटाचं अष्टांगहृदय जास्त आवडतं, कारण तिथे मोजमाप आहे. माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे आकडा दिसला की माझा विश्वास बसतो. त्या काळी ना काचेचा ड्रॉपर होता ना मिलिलिटर. मग एक थेंब म्हणजे किती? तर्जनीची दोन पेरं तेलात बुडवायची, बोट वर काढायचं आणि जो थेंब खाली पडेल तो एक बिंदू. मोठी मात्रा अशा दहा बिंदूंची, मधली आठ, लहान सहा. रोज घ्यायच्या सौम्य नस्याला, म्हणजे प्रतिमर्शाला, फक्त दोन. माप वैद्याच्या स्वतःच्या बोटात होतं. बोटं सगळ्यांची सारखी नसतात हे खरं, पण ‘थोडंसं तेल घाला’ यापेक्षा हे कितीतरी पुढचं आहे.

देण्याची रीतही तितकीच काटेकोर आहे. डोक्याला तेल लावून शेक घ्यायचा. वारा नसलेल्या जागी उताणं झोपायचं, पाय जरा उंच, डोकं जरा खाली. औषध गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करायचं. एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीत सोडायचं, मग पहिलीत. कशाने? प्रणाडीने, म्हणजे छोट्या नळीने, किंवा कापसाच्या बोळ्याने. नंतर शंभर अंक मोजेपर्यंत तसंच पडून राहायचं आणि घशात उतरलेलं औषध गिळायचं नाही, थुंकून टाकायचं. डोकं खाली ठेवायचं कारण द्रव उतारानेच वाहतो आणि त्याला नाकाच्या वरच्या भागात न्यायचं तर उतार तसाच करावा लागतो. आजचे कान-नाक-घशाचे डॉक्टरही काही थेंबांसाठी पलंगाच्या कडेवरून डोकं मागे टाकून झोपायला सांगतात, ते याच कारणाने.

चूर्णासाठी निराळं साधन होतं. सहा अंगुळं लांबीची, दोन्ही बाजूंनी उघडी नळी. तिच्यात औषधाचं चूर्ण भरायचं, एक टोक रोग्याच्या नाकाशी धरायचं आणि दुसऱ्या टोकातून तोंडाने फुंकायचं. याला प्रधमन नस्य म्हणतात. फुंकर माणसाची, तिचा जोर किती हे माणसागणिक वेगळं, आणि रोग्याने त्याच क्षणी उलट श्वास सोडला तर चूर्ण वैद्याच्याच तोंडावर! वाग्भटाने सात वर्षांखालच्या मुलांना आणि ऐंशीच्या पुढच्या वृद्धांना नस्य वर्ज्य सांगितलं, पण दोन बिंदूंचं प्रतिमर्श जन्मापासून अखेरपर्यंत चालतं असं म्हटलं. म्हणजे मात्रा लहान आणि नेमकी असली की धोका कमी, हे तेव्हाही ठाऊक होतं.

चीनमध्ये सोळाव्या शतकापासून देवीच्या रोगावर असाच नळीचा उपाय चालत होता. देवीच्या फोडांच्या वाळलेल्या खपल्यांची पूड करून ती निरोगी मुलाच्या नाकात फुंकायची. १७४२ साली बादशहाच्या आज्ञेने तयार झालेल्या वैद्यकाच्या मोठ्या ग्रंथात या रीतीचं वर्णन आहे, नळी चांदीची. आज आपण ज्याला नाकावाटे लस म्हणतो त्याची ही आजीच म्हणायची, फक्त फार धोक्याची.

मग एकदम १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात येऊ. तिथे ॲलन डीव्हिल्बिस नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. तोवर घशाला आणि नाकाला औषध लावायचं ते बोळ्याने, आणि बोळा आत गेला की रोग्याला उमासा येई. डीव्हिल्बिस यांनी रबराचा फुगा जोडलेली फवारणी तयार केली. फुगा दाबला की हवा जोराने एका बारीक नळीच्या तोंडावरून जाते, तिथला दाब कमी होतो, बाटलीतलं औषध आपोआप वर ओढलं जातं आणि हवेत मिसळून त्याचा धुरळा होतो. वैद्याच्या फुंकरीची जागा फुग्याने घेतली. फवारा घरच्या माणसाच्या मुठीत आला.

त्यांच्या मुलाने, थॉमसने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच युक्ती अत्तराच्या बाटल्यांना लावली, आणि पुढे रंग मारायच्या स्प्रे गनला. जुन्या चित्रपटांत ड्रेसिंग टेबलापाशी बसलेली नायिका फुगा दाबून सुगंध उडवते ना, ती बाटली मुळात घसा दुखणाऱ्यांची. धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर एकाच शोधाची तीन दुकानं झाली.

याच सुमारास अमेरिकेत सर्दी-पडशावर कोकेन घातलेली नाकात ओढायची चूर्णं उघडपणे विकली जात होती. नाक लगेच मोकळं व्हायचं, म्हणून खप मोठा, आणि सवयही लगेच लागायची. १९०६ च्या कायद्याने असे पदार्थ लेबलवर लिहिणं सक्तीचं झालं, १९१४ च्या कायद्याने विक्रीवर बंधनं आली. पण धडा पूर्ण घेतला गेला नाही. १९३० च्या दशकात बेन्झेड्रिन नावाचा खिशातला इनहेलर आला. नळीत घडी घातलेला कागद आणि त्यावर ॲम्फेटामाइन. वास घेतला की नाक उघडायचं. लोकांनी काय करावं? नळी फोडून आतला कागद काढून गिळायला सुरुवात केली, कारण त्याने झोप उडायची आणि तरतरी यायची. १९४९ साली कंपनीने आतलं औषधच बदललं. नळी फोडता येते, हा विचार बनवताना कोणी केला नव्हता.

विसाव्या शतकात मऊ प्लास्टिकची दाबायची बाटली आली आणि स्वस्त म्हणून घरोघरी पोहोचली. इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही बाटली आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. ती उभी धरून दाबली तर फवारा येतो. झोपलेल्या मुलाच्या नाकाशी उलटी धरून दाबली तर धार येते, आणि किती गेलं ते कळायला मार्ग नसतो. दाबणाऱ्या बोटाचा जोर हीच मात्रा. नाक उघडणारी झायलोमेटॅझोलिन आणि ऑक्सिमेटॅझोलिन ही औषधं रक्तवाहिन्या आखडून काम करतात. लहान मुलाच्या पोटात ती गेली तर झापड येणं, नाडी मंदावणं, श्वास मंदावणं असे प्रकार होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली इशारा दिला की एक-दोन मिलिलिटर गिळलं तरी लहान मुलाची प्रकृती गंभीर होऊ शकते. त्याच वर्षी तिथे नियम झाला की अशा औषधाचं प्रमाण ०.०८ मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर बाटलीला मुलांना उघडता न येणारं झाकण हवं. औषध अनेक दशकं बाजारात होतं आणि झाकणाचा विचार २०१२ मध्ये! आपल्या घरातल्या बाटलीचं झाकण एकदा फिरवून बघा. साधं फिरकीचं असेल तर बाटली वरच्या कप्प्यात गेली पाहिजे. नातवंडं सुट्टीला आली की आजीची पर्स सगळ्यांत आधी उघडली जाते.

हे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे डॉक्टरांना न विचारता चालू ठेवू नयेत, तेही इथेच सांगते. जास्त दिवस घेतले की औषधाचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, मग पुन्हा चोंदणं. माझ्या नात्यातल्या एका वहिनींनी आठ महिने असं काढलं. त्यांना वाटायचं सर्दी जातच नाही.

मोजून मात्रा देणाऱ्या यंत्राची गोष्ट एका मुलीच्या प्रश्नापासून सुरू होते. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेझन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तिला काचेचा, रबरी फुग्याचा नाजूक फवारा सांभाळत फिरावं लागे. तिने वडिलांना विचारलं, केसांवर मारायच्या स्प्रेसारखं माझं औषध डब्यात का नाही मिळत? मेझन यांनी प्रश्न उडवून लावला नाही, तो प्रयोगशाळेत नेला. तिथे अत्तरासाठी बनवलेली एक झडप वापरली गेली, जी प्रत्येक दाबाला ठराविक थेंबच सोडत असे. मार्च १९५६ मध्ये हा इनहेलर बाजारात आला. डॉक्टरचा फवारा अत्तराकडे गेला होता, आता अत्तराची झडप डॉक्टरकडे आली.

तो इनहेलर छातीसाठी होता. नाकासाठी त्याच धर्तीचे स्टेरॉइडचे स्प्रे १९७० च्या दशकात आले. त्यांत औषध ढकलायला सीएफसी वायू असायचा, आणि तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो वापरातून काढण्याचं ठरलं. नाकाच्या बाबतीत पाण्यात मिसळलेल्या औषधाचा साधा हाताचा पंप सोयीचा ठरला, तोच आज आपल्या डब्यात आहे. एका दाबाला साधारण ०.१ मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी, म्हणजे नाकात मावेल इतकंच. थेंबाचा आकारही ठरवलेला. दहा मायक्रॉनहून बारीक थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकतात, म्हणून नाकाचे थेंब त्याहून मोठे, साधारण तीस ते शंभरच्या आसपास ठेवतात. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज करा.

यंत्र इतकं नेमकं झालं तरी हात चुकतो. बहुतेक जणी स्प्रे नाकात सरळ वर किंवा मधल्या पडद्याकडे धरतात. पडद्यावर रोज मारा झाला की तिथली त्वचा सुकते आणि रक्त येतं. तोंड बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे हवं. सोपी युक्ती म्हणजे डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजवीसाठी डावा. आपोआप कोन बरोबर येतो. मान थोडी पुढे, आणि जोरात सुर्र करून ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात. नवी बाटली उघडली की फवारा येईपर्यंत हवेत काही वेळा दाबायची, कारण पंपात आधी नुसती हवा असते.

यंत्रामुळे जीव वाचतो की जातो, याचं सर्वांत ठळक उदाहरण नॅलोक्सोनचं आहे. अफूच्या जातीच्या औषधांचा अतिरेक झाला की माणसाचा श्वास मंदावत थांबतो. नॅलोक्सोन तो अंमल उतरवतं. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात अमली द्रव्यांच्या अतिरेकाने एक लाखाहून अधिक माणसं गेली, त्यांत मोठा वाटा या जातीच्या द्रव्यांचा होता. औषध जुनं, पण इंजेक्शनचं. रस्त्यात किंवा घरात पडलेल्याला सुई कोण टोचणार? म्हणून मदत करणाऱ्या संस्थांनी जुगाड केला. औषधाची नळी, सिरिंजचा सांगाडा आणि पुढे फवारा करणारं टोक असे सुटे भाग एका पिशवीत. आधी टोपणं काढा, मग भाग जोडा, मग निम्मं एका नाकपुडीत, निम्मं दुसरीत. औषधही दोन मिलिलिटर, म्हणजे नाकात मावेल त्याच्या कितीतरी पट. समोर मुलगा निळा पडतोय आणि आईच्या थरथरत्या हातात हे सुटे भाग, अशी कल्पना करा. तरीही त्या पिशव्यांनी पुष्कळांना वाचवलं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथे तयार स्प्रेला मंजुरी मिळाली. चार मिलिग्रॅम औषध अवघ्या ०.१ मिलिलिटरमध्ये. जोडायचं काही नाही, टोक नाकपुडीत घालायचं, खालचा दट्ट्या अंगठ्याने दाबायचा. रोगी उताणा पडलेला असला, श्वास घेत नसला तरी चालतं. आपल्या रोजच्या स्प्रेच्या उलट याला हवेत दाबून बघायचं नाही, कारण आत एकच मात्रा असते. मार्च २०२३ मध्ये तो चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं तिकडच्या विद्यापीठांत आहेत. तिथल्या वसतिगृहांत भिंतीवर ही पेटी दिसली तर घाबरू नका, आणि मुलांना ती कशी वापरायची ते माहीत आहे का, एवढं विचारा.

आता आपल्या पुण्याकडे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यातच घेतला होता. पुढच्या वर्षी, २०१० च्या जुलैत, पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकावाटे द्यायची नॅसोव्हॅक लस आणली. सुई नाही, सिरिंजच्या पुढे फवाऱ्याचं टोक आणि प्रत्येक नाकपुडीत पाव मिलिलिटर. अमेरिकेत अशी फ्लूची लस २००३ पासून आहे. तिच्या दट्ट्यावर एक छोटी चिमटी असते. पहिली नाकपुडी झाली की दट्ट्या तिथे अडतो, चिमटी काढली की उरलेली निम्मी मात्रा दुसऱ्या नाकपुडीत. नर्सला अंदाज करावाच लागत नाही. मला हे फार हुशारीचं वाटतं.

इथे आपल्यासाठी एक प्रश्न उभा राहतो, तो टाळणार नाही. या फ्लूच्या लसींचे विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवले जातात, आणि त्या अमेरिकी लसीत व तिच्या ब्रिटनमधल्या जुळ्या लसीत डुकरापासून केलेलं जिलेटिनही असतं, जिवंत विषाणू टिकून राहावा म्हणून. ब्रिटनमध्ये शाळांतून ही लस देतात, तिथल्या पालकांना जिलेटिन नसलेलं इंजेक्शन मागता येतं. लेस्टरला किंवा लंडनला आपले नातेवाईक असतील तर हे त्यांना माहीत असावं. औषधात काय मिसळलं आहे हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी कल्याणकारक हा संपूर्ण वैद्यकग्रंथ मद्य, मांस आणि मध न वापरता लिहिला, आणि तो १९४० साली सोलापुरातून हिंदी भाषांतरासह छापला गेला. माझं स्वतःचं मत असं, की पर्याय असेल तर तो जरूर मागावा, पण विचारपूस लहान मूल तापाने फणफणल्यावर नको, आधी करावी. पर्याय नसेल तर डॉक्टर आणि आपले साधू-साध्वी दोघांशी बोलून ज्याने त्याने ठरवावं. लस नको म्हणून घरात बसणं आणि शेजारच्या बाळाला ताप देणं, हेही हिंसेच्या हिशोबात धरावं लागेल.

करोनाच्या काळात भारत बायोटेकने नाकावाटे द्यायची इन्कोव्हॅक तयार केली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि २६ जानेवारी २०२३ ला ती जाहीरपणे आली. हिच्यात फवारा नाही, साधे ड्रॉपरचे थेंब, कारण यंत्र जितकं साधं तितका खर्च कमी. मात्रा अर्धा मिलिलिटर, आठ थेंब, प्रत्येक नाकपुडीत चार.

आणि चूर्णही परत आलं आहे. मधुमेह्याची साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडला तर ग्लुकागॉन द्यावं लागतं, पण आधी ते पूड आणि पाणी सिरिंजमध्ये मिसळून टोचावं लागायचं. २०१९ साली अमेरिकेत त्याचं नाकात सोडायचं कोरडं चूर्ण मंजूर झालं. बोटाएवढी नळी, खाली दट्ट्या, एकच मात्रा तीन मिलिग्रॅमची. रोग्याने श्वास ओढण्याची गरज नाही, आतल्या अस्तरातूनच औषध रक्तात जातं. दट्ट्यावर एक हिरवी रेघ असते. ती दिसेनाशी होईपर्यंत दाबायचं, म्हणजे मात्रा पूर्ण गेली असं समजायचं.